फिरत्या बिऱ्हाडाचा पत्ता

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यानें बरोबर काय न्यावें, हें सांगणारीं माणसें घरोघर असतात. लोणच्याची बरणी कोणत्या फडक्यांत गुंडाळावी येथपासून रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या पिशवींत ठेवाव्या येथपर्यंत सर्व सूचना न मागतां मिळतात. परंतु निघतांना मागें काय ठेवून जावें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आम्हींही केला नव्हता. शाळेंत छत्तीस वर्षें मुलांना 'पत्राच्या उजव्या कोपऱ्यांत प्रथम स्थळ लिहा, मग दिनांक लिहा' असें बजावून सांगणारे आम्ही, स्वतः परदेशांत फिरतीवर गेलों तेव्हां स्थळ लिहावयासच विसरलों. त्या विस्मृतीची किंमत आम्हांस पडली नाहीं, दुसऱ्यास पडली. म्हणूनच ही हकीकत लिहीत आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज परदेशीं आहेत, आणि साठी उलटलेले आईबाप वर्षाआड तिकडे जात असतात. त्यांना ती कदाचित् उपयोगी पडेल.

सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंतील युटा राज्याच्या राजधानींत, सॉल्ट लेक सिटी येथें, चिरंजीवांच्या घरीं होतों. चिरंजीवांनीं व सूनबाईंनीं दहा दिवसांची रजा काढून दक्षिण युटांतील लाल खडकांचा प्रदेश आम्हांस दाखविण्याचें ठरविलें, आणि त्यासाठीं एक 'आर्. व्ही.' भाड्यानें आणली. ही गाडी म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली पंचवीस फूट लांबीची खोली. आंत गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, जेवणाचें मेज, आणि रात्रीं त्याच मेजाचा होणारा पलंग. चालकाच्या डोक्यावर छताची जी चोंच पुढें आलेली असते, तींत आमची आठ वर्षांची नात झोपे. गाडीच्या पोटाखालीं तीन टांक्या: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी अंघोळीच्या व भांड्यांच्या पाण्याची, आणि तिसरी कशाची तें सांगावयास नको. सौभाग्यवतींनीं पहिल्याच दिवशीं एका फळीवर अन्नपूर्णेची लहानशी मूर्ति ठेवली, तेव्हां त्या गाडीचें खरोखर बिऱ्हाड झालें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं वाईस आक्काला फोन केला. आक्का आमची वडील बहीण, वय एक्याऐंशी. आई लहानपणींच गेल्यामुळें आम्हांस वाढविलें तें तिनेंच. ती म्हणाली, "नीट जा रे बाळू. आणि कुठें कुठें असशील तें कळवीत जा." आम्हीं उत्तर केलें, "अगं, तुझ्या फोनवरच्या भिंतीला तीन नंबर लावलेले आहेत. माझा आहे, पोराचा आहे, सुनेचा आहे. कधींही फोन कर." या उत्तरानें तिचें समाधान झालें कीं नाहीं कोण जाणे, आमचें मात्र पूर्ण झालें.

सॉल्ट लेक सिटी हें शहर निरोपांच्या इतिहासांत मोठ्या मानाचें आहे. सन १८६० च्या एप्रिलांत मिसूरी राज्यांतील सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियांतील सॅक्रॅमेंटोपर्यंत घोडेस्वारांची डाक सुरू झाली. अंतर सुमारें १९०० मैलांचें; ठराविक टप्प्यावर ताजा घोडा उभा; आणि पत्र सुमारें दहा दिवसांत पोंचे. ही डाक याच शहरावरून जात असे. पुढें २४ ऑक्टोबर १८६१ रोजीं पूर्वेकडून आलेली व पश्चिमेकडून आलेली तार याच शहरांत एकमेकींस जोडण्यांत आली, आणि दोनच दिवसांत घोड्यांची डाक बंद होत असल्याचें जाहीर झालें. ज्या शहरांत एका अफाट खंडाचीं दोन टोकें जुळलीं, तेथून निघून तीनशें मैलांच्या आंत आमचा घरच्यांशीं असलेला धागा तुटावा, हा योग विलक्षण खरा.

शनिवारीं आम्ही निघालों. डोंगरांमधून ग्रीन रिव्हर या गांवीं आलों. येथून पश्चिमेकडे जाणाऱ्या मोठ्या हमरस्त्यावर, इंटरस्टेट ७० वर, सॅलायना गांवापर्यंत शंभराहून अधिक मैल एकही पेट्रोलपंप नाहीं, एकही उपाहारगृह नाहीं. तशी पाटीच तेथें लावलेली आहे. आपल्याकडे शंभर मैलांत किती गांवें, किती पार, किती चहाच्या टपऱ्या लागतात याची आठवण झाली म्हणजे त्या भूमीचें एकाकीपण ध्यानांत येतें. आम्हांस थोडेंच अंतर त्या रस्त्यानें जाऊन दक्षिणेस वळावयाचें होतें. सोमवारीं हँक्सव्हिल हें लहानसें गांव मागें टाकलें, आणि राखी रंगाच्या निर्जन टेकड्यांतून गाडी लाल कड्यांच्या प्रदेशांत शिरली. फोनवरील रेषा एकेक करून विझत गेल्या. नातीनें ओरडून सांगितलें, "आजोबा, सगळे बार गेले!" आम्हीं तिला म्हटलें, "बरें झालें. आतां बाहेर पहा."

कॅपिटॉल रीफ नांवाचें जें राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचें खरें रहस्य भूगर्भांत आहे. जमिनीच्या थरांस पडलेली सुमारें शंभर मैल लांबीची एक प्रचंड घडी तेथें उघडी पडली आहे. पांढऱ्या घुमटाकार खडकांवरून 'कॅपिटॉल' हा शब्द आला, व वाट अडविणाऱ्या कड्यांच्या रांगेवरून 'रीफ'. सन १९३७ मध्यें या स्थळास राष्ट्रीय स्मारकाचा व सन १९७१ मध्यें राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या लाल कड्यांच्या मधोमध फ्रीमाँट नदीच्या कांठीं फ्रूटा नांवाची हिरवी वाडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं शेवटीं मॉर्मन पंथाच्या थोड्याशा कुटुंबांनीं येथें वस्ती केली, पाट काढले, व सफरचंद, नासपती, जरदाळू, पीच यांच्या बागा लावल्या. माणसें गेलीं, बागा राहिल्या. आज उद्यानाचे लोक त्यांची निगा राखतात. हंगामांत वाटसरूनें बागेंत जाऊन हवीं तितकीं फळें तेथेंच खावीं, घेऊन जावयाचीं असल्यास मात्र तोलून दाम द्यावा, असा नियम आहे. आम्ही गेलों तेव्हां सफरचंदें उतरत होतीं.

याहून आम्हांस प्रिय वाटलेली वस्तु म्हणजे तेथील एकखोली शाळा. ओंडक्यांची ती लहानशी इमारत सन १८९६ मध्यें बांधली गेली, आणि मुलें उरलीं नाहींत म्हणून सन १९४१ मध्यें बंद पडली. खिडकींतून आंत बांकें दिसतात, फळा दिसतो. आम्ही त्या खिडकीशीं बराच वेळ उभे होतों.

वाडीजवळच तळ आहे. सत्तर-एकाहत्तर जागा, प्रत्येक जागेस क्रमांक लिहिलेला खांब. तेथें गाडीस वीज जोडतां येत नाहीं, कीं पाण्याची नळी जोडतां येत नाहीं, आणि फोन तर लागतच नाहीं. सर्वांत जवळचें गांव टोरी; उद्यानाच्या कचेरीपासून अकरा मैल. त्या दोन रात्रींत जें आकाश पाहिलें तसें लहानपणीं कृष्णेच्या घाटावर पाहिल्याचें स्मरतें, पुढें पाहिलें नाहीं.

शेजारच्या जागेवर एक वृद्ध अमेरिकन जोडपें होतें. घर विकून गेलीं सहा वर्षें तीं दोघें अशाच गाडींत रहात होतीं. बाई पूर्वीं परिचारिका होत्या. मंगळवारीं संध्याकाळीं त्यांनीं आम्हांस कॉफीस बोलाविलें. गाडीच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक मोठा लिफाफा चिकटविलेला दिसला, म्हणून आम्हीं सहज विचारलें. बाईंनीं त्यांतील कागद काढून दाखविला. वर दोघांचीं नांवें व जन्मतारखा, खालीं चालू औषधें, कोणत्या औषधाचें वावडें आहे तें, गाडीचा क्रमांक, आणि शेवटीं दोन माणसांचे फोन. पैकीं एक त्यांची ओहायोंतील मुलगी, दुसरे त्यांच्या जुन्या गांवांतील शेजारी. "या दोघांपैकीं कोणीही आमच्याबरोबर कधीं प्रवास करीत नाहीं," असें बाई मुद्दाम म्हणाल्या. मग त्यांनीं आम्हांस विचारलें, "तुमच्या घरच्यांना तुम्हांला गांठावयाचें झालें तर तीं काय करतील?"

आम्ही हसून म्हणालों, "आमच्यापाशीं तीन फोन आहेत." बाई हसल्या नाहींत. त्यांनीं फक्त मान हालविली व कॉफी पुढें केली. इतकी सावधगिरी म्हणजे या लोकांचा स्वभावच, असें मनांत म्हणत आम्ही आपल्या बिऱ्हाडीं परतलों. त्या वेळीं वाईस बुधवारची सकाळ झालेली होती, आणि तेथें काय चाललें होतें तें आम्हांस ठाऊक नव्हतें.

बुधवारीं दहाच्या सुमारास तळ सोडला. टोरी गांवाच्या वेशीवर येतांच गाडींतील तिन्ही फोन एकदम वाजूं लागले. त्यांचा तो एकत्र गजर अद्याप आमच्या कानांत आहे. भाच्याचे सव्वीस फोन येऊन गेलेले होते. पाठोपाठ त्याचे निरोप उमटूं लागले. पहिला मंगळवारच्या सकाळचा: "मामा, आई न्हाणीघरांत पडली. ताबडतोब फोन करा." मग: "खुब्याचें हाड मोडलें आहे. साताऱ्यास नेत आहों." मग: "डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया लौकर करावी. आई म्हणते बाळूशीं बोलल्याशिवाय सही करणार नाहीं." मग: "मामा, कुठें आहांत?" हा शेवटचा प्रश्न त्यानें पांच वेळां लिहिला होता.

चिरंजीवांनीं एका पेट्रोलपंपाच्या सावलींत गाडी उभी केली व फोन लावला. तेथें बुधवारच्या रात्रीचे दहा वाजले होते. आक्का पडल्यास एकोणचाळीस तास झाले होते, आणि शस्त्रक्रिया त्याच दिवशीं दुपारीं होऊन गेली होती. उतारवयांत खुब्याचें हाड मोडलें असतां एकदोन दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया व्हावी हें बरें, उशिरानें इतर उपद्रव वाढतात, असें डॉक्टरांनीं तिला दोनदां समजावून सांगितलें. तरी तिनें पहिला संबंध दिवस व दुसरी सकाळ आमच्या शब्दाची वाट पाहिली. शेवटीं भाच्यानें हात जोडले, तेव्हां तिनें सही केली. भाचा रागावला नव्हता. तो एवढेंच म्हणाला, "मामा, भिंतीवरचे तिन्ही नंबर लावून पाहिले. मग लक्षांत आलें कीं तिन्ही एकाच गाडींत आहेत."

वाचकहो, या एका वाक्यांत आमच्या चुकीचें संपूर्ण निदान आलें आहे. तीन फोन म्हणजे तीन आधार असें आम्ही समजत होतों. वस्तुतः तो एकच आधार होता, आणि तो दरींत गेला तेव्हां तिन्ही फोन त्याच्याबरोबर गेले. संकटसमयीं ज्यास कळवावयाचें तो मनुष्य आपल्याच गाडींत बसलेला असून चालत नाहीं. दुसरी चूक अशी कीं आम्ही संपर्काचा विचार एकाच टोंकाकडून केला. आम्हांस कांहीं झालें तर मदत कशी मागवावी, हें चिरंजीवांनीं योजून ठेविलें होतें. परंतु घरीं कांहीं झालें तर घरच्यांनीं आम्हांस कसें गांठावें, याचा विचार कोणीच केला नव्हता. आणि तें अशक्यही नव्हतें. तळावरील जागा आमच्या चिरंजीवांच्या नांवें राखलेली होती, खांबावर क्रमांक होता. भाच्यास उद्यानाचें नांव व तो क्रमांक एवढें जरी ठाऊक असतें, तरी उद्यानाच्या कचेरींत फोन करून आमच्या दारांत चिठ्ठी पोंचविण्याची विनंति त्यास करतां आली असती. पुढें दुसऱ्या एका तळावर स्वयंसेवकास आम्हीं मुद्दाम विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "तातडीचा निरोप आला तर आम्ही जागेवर नेऊन देतों, पण निरोप पाठविणाराला तळाचें नांव माहीत असावें लागतें."

पूर्वींचा काशीयात्रेस निघणारा मनुष्य या बाबतींत आमच्याहून शहाणा म्हटला पाहिजे. त्याच्यापाशीं कोणतेंही यंत्र नव्हतें. परंतु प्रत्येक क्षेत्रीं त्याचा कुलोपाध्याय ठरलेला असे, आणि अमुक महिन्यांत अमुक क्षेत्रीं अमुक उपाध्यायांकडे तो उतरेल, हें घरीं ठाऊक असे. मनुष्य फिरता असला तरी त्याचे मुक्काम स्थिर होते. आमच्या फिरत्या बिऱ्हाडास असा स्थिर मुक्काम मागें ठेवणें अवश्य होतें.

आक्काशीं दुसऱ्या दिवशीं बोलणें झालें. आम्ही परत फिरण्याच्या गोष्टी करूं लागलों, तेव्हां ती क्षीण आवाजांत म्हणाली, "आतां येऊन काय करणार? पोरीला डोंगर दाखवायला निघालास ना, दाखव. पण मला रोज कळूं दे तूं कुठें आहेस तें." म्हणून प्रवास पुढें चालू ठेविला, परंतु व्यवस्था बदलून. ती व्यवस्था येथें थोडी सविस्तर सांगतों.

न्यायशास्त्राच्या जुन्या दृष्टान्तांत 'देहलीदीपन्याय' म्हणून एक आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतही उजेड देतो व अंगणांतही देतो. आम्हांस असा एक मनुष्य हवा होता. सॉल्ट लेक सिटींत चिरंजीवांचे एक स्नेही आहेत, मूळचे नागपूरचे. ते दहा दिवस घर सोडणार नव्हते. त्यांना आम्हीं उंबरठ्यावरचा दिवा केलें. घरून कांहीं कळवावयाचें तर त्यांना कळवावें. आमचेंही कुशल त्यांच्याकडे जावें. परंतु येथें एक अडचण निघाली. अनोळखी क्रमांकाचा फोन आला तर आजकाल कोणी उचलीत नाहीं, आणि कित्येक फोन तर तसे क्रमांक वाजूंही देत नाहींत. म्हणून भाच्याचा क्रमांक त्यांच्या फोनांत नांवानिशीं नोंदविला, त्यांचा भाच्याच्या फोनांत, आणि दोघांनीं एकदां एकमेकांस फोन करून पाहिला. नाटकाची रंगीत तालीम असते तशी याचीही तालीम घ्यावी. नंबर भिंतीवर लावणें म्हणजे तो लागणें नव्हे.

दुसरी गोष्ट मुक्कामांचा कागद. कोणत्या रात्रीं कोणत्या तळावर, कोणत्या क्रमांकाच्या जागेवर, जागा कोणाच्या नांवें, तळाच्या कचेरीचा फोन कोणता, आणि कोणत्या टप्प्यांत फोन लागणार नाहीं, हें सर्व एका पानावर लिहून तें दोन्हीकडे पाठविलें. बेत बदलला तर निघण्यापूर्वीं कळवावयाचें, पोंचल्यावर नव्हे. कारण पोंचल्यावर फोन लागेलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट ठरलेली वेळ, आणि ती चुकली तर काय करावयाचें याचा निश्चय. रोज अमुक वेळीं एका ओळीचा निरोप जावा. तो आला नाहीं म्हणजे लगेच घाबरावयाचें नाहीं. पण किती तास थांबावें व त्यानंतर प्रथम कोणास फोन करावा, हें आधींच लिहिलेलें असावें. चिंतेच्या वेळीं माणसास नवा विचार सुचत नाहीं. लिहिलेलें वाचतां येतें.

येथें एक महत्त्वाची माहिती सांगावयास पाहिजे. अमेरिकेंत तातडीच्या मदतीसाठीं ९११ हा क्रमांक आहे. तो सन १९६८ मध्यें सुरू झाला. आपल्या कंपनीचा मनोरा नसला तरी जवळपास दुसऱ्या कंपनीचा असल्यास ९११ चा फोन त्यावरून जातो, म्हणून रेषा दिसत नसल्या तरी लावून पहावा. मात्र कोणाचाच मनोरा नसेल तेथें तोही चालत नाहीं. मदत मागतांना रस्त्याचें नांव व कांठावरील मैलाच्या खांबाचा आंकडा सांगितला म्हणजे ठिकाण लगेच कळतें. परंतु हा क्रमांक जेथून फिरवावा तेथील मदत आणतो. वाईहून ९११ फिरवून युटांत कोणी येत नाहीं. दूरच्या नातलगानें त्या त्या कौंटीच्या शेरीफच्या कचेरीचा पूर्ण दहा आंकडी क्रमांक, देशाच्या आंकड्यासह, आधीं लिहून ठेवावा लागतो. आमच्या वाटेवर अशा कचेऱ्या चार होत्या: कॅपिटॉल रीफसाठीं वेन कौंटीची लोआ येथें, पुढें गारफील्ड कौंटीची पँग्विच येथें, केन कौंटीची कॅनॅब येथें, आणि ॲरिझोनांत गेल्यावर कोकोनीनो कौंटीची फ्लॅगस्टाफ येथें. हे चार क्रमांक कागदाच्या पाठीवर लिहिले.

मनोऱ्यांची गरज नसलेलीं तळहाताएवढीं यंत्रेंही मिळतात. कांहीं यंत्रें इरिडियम नांवाच्या सहासष्ट उपग्रहांच्या मालिकेमार्फत लेखी निरोप पाठवितात व घेतातही. नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिकेंत व कॅनडांत आयफोनच्या चौदाव्या व पुढील आवृत्त्यांतून उपग्रहाद्वारां संकटाची हांक देतां येऊं लागली. शेजारच्या बाईंपाशीं असें एक यंत्र होतें. मात्र त्यास मोकळें आकाश लागतें; अरुंद घळींत उंच कडे आड येतात. शिवाय संकटाची हांक देण्याची सोय निराळी, आणि घरचा निरोप घेण्याची सोय निराळी. यंत्र विकत घेतांना तें दोन्ही करतें कीं एकच, हें विचारून घ्यावें. आणि यंत्र कोणतेंही असो, निरोप कोणास जावा हें त्यांत आधीं भरून ठेविलें नसेल तर तें मुकेंच.

शेवटची गोष्ट कित्येकांस क्षुल्लक वाटेल, पण आम्हांस ती कालिदासानें शिकविली. मेघदूतांतील यक्ष मेघास वाट सांगतो, अलकेंतील घराच्या खुणा सांगतो, आणि निरोपाच्या शेवटीं पतिपत्नींसच ठाऊक असलेली एका स्वप्नाची गोष्ट सांगतो. ती कशासाठीं? निरोप खरोखर आपल्याच माणसाचा आहे अशी पत्नीची खात्री पटावी म्हणून. आज परदेशीं गेलेल्या मुलाच्या अपघाताची खोटी बातमी फोनवर सांगून वृद्धांकडून पैसे उकळणारे भामटे निघाले आहेत. उसना आवाज काढण्याचीं यंत्रेंही त्यांच्या हातीं आलीं आहेत. म्हणून आम्हीं घरांत एक खुणेचा शब्द ठरविला. तो येथें अर्थातच लिहीत नाहीं.

उरलेला प्रवास सुखाचा झाला. टोरीहून बारा क्रमांकाचा रस्ता बोल्डर पर्वतावरून जातो; माथा सुमारें ९६०० फुटांवर. त्या दिवसांत तेथील ॲस्पेनचीं झाडें हळदीसारखीं पिवळीं झालेलीं होतीं, आणि खालीं पसरलेला खडकाळ मुलूख समुद्रासारखा दिसत होता. पलीकडे बोल्डर हें लहान गांव. विसाव्या शतकांतील तीसच्या दशकापर्यंत या गांवचें टपाल खेचरांच्या पाठीवरून येत असे. टोरीकडून येणाऱ्या रस्त्यावर डांबर पडावयास सन १९८५ उजाडलें. पुढें रस्ता एका कड्याच्या धारेवरून जातो, दोन्ही बाजूंस दरी. सौभाग्यवती तेवढा वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. एस्कलांटे झालें, ब्राइस कॅनियनचे नारिंगी सुळके झाले, आणि ग्लेन कॅनियनच्या धरणापाशीं पेज या शहरीं आलों.

तेथें आमच्या नव्या व्यवस्थेची परीक्षा झाली. युटांत उन्हाळ्यापुरतें घड्याळ एक तास पुढें करतात. ॲरिझोना राज्य तसें करीत नाहीं. पण त्याच राज्यांतील नॅव्हाहो लोकांचा प्रदेश करतो, आणि पेज शहर त्यास लागूनच आहे. आमच्या फोनवर तासातासानें वेळ बदलूं लागली. एक मनोरा सात म्हणे, दुसरा आठ म्हणे. शेवटीं चिरंजीवांस युक्ति सुचली, कीं ठरलेली वेळ वाईच्या घड्याळावर धरावी. वाईस सकाळचे साडेसात वाजले म्हणजे निरोप गेला पाहिजे. मग येथें काय वाजलें आहे याशीं कर्तव्य नाहीं. भाच्यानें सांगितलें कीं आक्का इस्पितळांत साडेसातांस चष्मा मागून घेई, आणि निरोप वाचून झाल्यावरच चहा घेई.

परत आल्यावर आम्ही प्रथम वाईस गेलों. आक्का वॉकर घेऊन दारापर्यंत आली. आम्हीं पाय धरले व म्हटलें, "आक्का, मी चुकलों." ती म्हणाली, "चुकलास खरा. त्या दिवशीं मला हाडाचें भय नव्हतें रे. मला वाटलें, तुम्हांलाच कांहीं झालें आहे, आणि हीं सगळीं माझ्यापासून लपवीत आहेत. सही केली तर मग विचारायला मी उरेन कीं नाहीं, म्हणून थांबलें होतें." हें आम्हांस तोंपर्यंत ठाऊक नव्हतें. आम्ही समजत होतों, ती आमच्या सल्ल्यासाठीं थांबली होती.

गेल्या पौषांत आम्ही उभयतां त्र्यंबकेश्वरास दोनच रात्रींसाठीं गेलों. निघण्यापूर्वीं वाईस कागद पाठविला: धर्मशाळेचें नांव, खोलीचा क्रमांक, उपाध्यायांचा फोन, आणि नाशकांतील एका स्नेह्यांचा फोन, जे आमच्याबरोबर येणार नव्हते. आक्कानें तो पोथीच्या बासनांत ठेवला आहे, असें भाचा सांगतो. कागदाच्या उजव्या कोपऱ्यांत आम्हीं प्रथम स्थळ लिहिलें होतें, मग दिनांक.